टनब्रिज की टनब्रिज वेल्स? उतरायचं नेमकं कुठं

टनब्रिज वेल्स हे नाव आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या माणसाला कसं माहीत, हे वेगळं सांगायला नको. 18 जून 1983, वर्ल्ड कपची मॅच, समोर झिंबाब्वे, आपले 17 ला 5, आणि मग कपिल नाबाद 175. तर मी लंडनहून ते मैदान बघायला म्हणून निघाले, मोबाइलवर तिकीट काढलं, चेरिंग क्रॉसला ट्रेन पकडली, पाऊण तासाने टनब्रिज असा बोर्ड दिसला आणि बिनधास्त उतरले. स्टेशनबाहेरचा हाय स्ट्रीट धरून सरळ चालत गेले तर पुढे नदी, नदीच्या काठाला किल्ला. म्हटलं वा, फोटो काढून बाबांना पाठवला. बाबांचा रिप्लाय दोन मिनिटांत, "अगं हा किल्ला आहे, मैदान कुठंय?" मैदान तिथून आठेक किलोमीटरवर होतं, कारण ते टनब्रिज वेल्समध्ये आहे आणि मी उतरले होते नुसत्या टनब्रिजला.

ही दोन वेगळी गावं आहेत, दोन्ही केंट परगण्यात, एकाच रेल्वे लाइनवर, मध्ये हाय ब्रूम्स नावाचं एकच स्टेशन, ट्रेनने दहा मिनिटांचं अंतर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका गावाला 'ओ' लागतो आणि वेल्सवाल्याला 'यू', पण उच्चार दोन्हीचा टनच. आपल्या देवनागरीत तर तेवढाही फरक दिसत नाही, त्यामुळे आपण जास्तच फसतो. इथून पुढे मी एकाला ओवालं म्हणते आणि दुसऱ्याला वेल्स, नाहीतर माझाच परत गोंधळ होईल.

ओवालं गाव जुनं आहे, म्हणजे अगदी जुनं. नॉर्मन लोक इंग्लंडमध्ये आले तेव्हा मेडवे नदी ओलांडायच्या जागेवर लक्ष ठेवायला त्यांनी इथं मातीचा उंचवटा रचून किल्ला बांधला, 1088 मध्ये राजाने तो जाळलासुद्धा. आज जे दोन बुरुजांचं भक्कम प्रवेशद्वार उभं दिसतं ते नंतरचं, तेराव्या शतकातलं. वेल्सच्या जागी तेव्हा काय होतं? काही नाही. झाडी, माळ, वाळूच्या दगडांचे मोठमोठे खडक. 1606 साली लॉर्ड नॉर्थ नावाचा एक तरुण सरदार तब्येत बिघडली म्हणून जवळच्या एरिजला येऊन राहिला होता, परत लंडनला निघाला तेव्हा वाटेत त्याला एक झरा दिसला, पाण्याच्या कडेने लालसर तांबूस थर साचलेला. पाण्यात लोह होतं. तो ते प्यायला, बरा झाला (पाण्यानेच झाला की नाही देव जाणे), आणि दरबारातल्या मंडळींना सांगत सुटला. मग काय, रांग लागली. पण राहायला जागाच नाही, चार्ल्स पहिल्याच्या राणीने तर माळावर तंबू ठोकून मुक्काम केला. बाकीचे कुठं राहणार, तर जवळचं मोठं गाव म्हणजे टनब्रिज, म्हणून झऱ्याला नाव पडलं टनब्रिजच्या विहिरी.

आणि इथंच सगळा घोळ आहे. त्या काळात दोन्ही नावं 'यू' लावूनच लिहायचे. पुढे लेक आईपेक्षा इतकी नावारूपाला आली की पत्रं इकडची तिकडे जायला लागली, आणि शेवटी स्पेलिंग बदलावं लागलं ते आईला. स्टेशनवर 'यू' जाऊन 'ओ' आला 1893 मध्ये. म्हणजे ज्या गावावरून नाव घेतलं त्यालाच आपलं नाव सोडावं लागलं, मला तर वाईटच वाटलं त्याचं. वर वेल्सला 1909 मध्ये सातव्या एडवर्डने रॉयल ही पदवीही दिली, आता पूर्ण नाव रॉयल टनब्रिज वेल्स, ओवाल्याला नुसतं टनब्रिज.

स्पा टाउन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वज्रेश्वरीसारखी गरम पाण्याची कुंडं येतात. तसं इथं काही नाही. पाणी गार, ते पेल्याने प्यायचं. पूर्वी झऱ्यावर डिपर म्हणून बायका असायच्या, त्या पाणी काढून द्यायच्या. मी गेले तेव्हा प्यायला काही मिळालं नाही, पण वाकून बघितलं तर कुंडाचा तळ गंजलेल्या तव्यासारखा लाल. प्यायलेल्यांचं म्हणणं असं की खिळा चघळल्यासारखं लागतं.

झऱ्यापासून जो रस्ता सुरू होतो तो पॅन्टाइल्स, आणि वेल्सचं खरं वैभव हेच. पांढऱ्या खांबांची लांबलचक ओसरी, खाली दुकानं, कॅफे, जुन्या वस्तूंवाले, उन्हाळ्यात संध्याकाळी जॅझ. त्याची गोष्ट मला फार आवडते. 1698 मध्ये राजकन्या ॲनचा लहान मुलगा इथं पाय घसरून पडला, तिने रस्ता नीट करायला 100 पौंड दिले, आणि पुढच्या वर्षी येऊन बघते तर काम झालेलंच नाही! पैसे घेतले आणि रस्ता तसाच, हे आपल्याला नवीन नाही, पण ती भडकली आणि निघून गेली, परत आलीच नाही म्हणतात. मग घाईघाईने भाजलेल्या मातीच्या फरश्या बसवल्या, त्या फरश्यांवरूनच पॅन्टाइल्स हे नाव. पुढे 1735 पासून बो नॅश, जो बाथ शहरात उच्चभ्रूंच्या समारंभांचा कारभार बघायचा, तो इथलाही बघायला लागला. कुणी कधी पाणी प्यायचं, कुणी कुणाशी नाचायचं, सगळ्याचे नियम. वरच्या बाजूने बडे लोक चालणार, खालच्या बाजूने बाकीचे.

ह्या पाहुण्यांना विकायला जी लाकडी डबी निघाली ती टनब्रिज वेअर. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांच्या बारीक काड्या एकत्र चिकटवून ठोकळा करायचा आणि तो आडवा कापायचा, मग प्रत्येक चकतीवर तेच चित्र. हिरवा रंग हवा असेल तर बुरशीने हिरवं पडलेलं ओकचं लाकूड शोधून आणायचे. ही डबी दोन्ही गावांत बनायची, त्यामुळे ती नेमकी कुठली हे विचारूच नका.

वेल्सच्या लोकांची इंग्लंडभर एक ख्याती आहे. पेपरला रागारागाने पत्र लिहिणारा आणि खाली नावाऐवजी 'टनब्रिज वेल्सचा वैतागलेला' अशी सही करणारा माणूस, हा तिकडचा ठरलेला विनोद. पुण्यातल्या लोकांना अधिक समजावून सांगायला नको. म्हणून वाटतं की गाव जुनाट विचारांचं असणार, पण 2016 च्या ब्रेक्झिटच्या मतदानात अख्ख्या केंटमध्ये युरोपसोबत राहायचं म्हणणारा हा एकच भाग होता. आणि 1902 चं ऑपेरा हाउस आता चक्क पब आहे, आत बाल्कन्या, स्टेज सगळं शाबूत आणि खाली लोक बिअर घेऊन बसलेले.

ओवाल्याकडे असला थाट नाही. ते नदीखोऱ्यात, वेल्स टेकडीवर. मेडवेला पूर यायचा, 1968 मध्ये मोठा आला, मग 1981 मध्ये वरच्या अंगाला लाय गावाजवळ पूर अडवायचा बांध घातला. सकाळी निम्मं गाव लंडनला कामाला जातं. 2006 मध्ये इथल्या एका कॅश डेपोवर दरोडा पडला आणि तब्बल 53 मिलियन पौंड रोख गेले, ब्रिटनमधला रोख रकमेचा सगळ्यात मोठा दरोडा, नाहीतर पेपरात फारसं नाव येत नाही. बाकी 1553 ची टनब्रिज स्कूल, आणि तिचा विद्यार्थी कॉलिन काउड्री, इंग्लंडचा नावाजलेला बॅट्समन, जन्म भारतातला, बापाने आद्याक्षरं एमसीसी (म्हणजे लॉर्ड्सचा मेरिलबोन क्रिकेट क्लब) यावीत म्हणून नावच तसं ठेवलेलं. तो तेरा वर्षांचा असताना शाळेकडून लॉर्ड्सवर खेळला. त्यामुळे क्रिकेट बघायला निघून ओवाल्याला उतरलात तर अगदीच वाया जात नाही, एवढंच आपलं समाधान.

मी पुढची ट्रेन पकडून वेल्सला पोचले (तिकीट वेगळं काढावं लागलं, टनब्रिजचं तिकीट पुढे चालत नाही). नेव्हिल ग्राउंड स्टेशनपासून पंचवीस मिनिटं चालत. मैदान लहानसं, भोवती झाडं आणि रोडोडेंड्रॉनची झुडपं. 1913 मध्ये इथलं पॅव्हेलियन जाळलं गेलं, मताचा हक्क मागणाऱ्या बायकांनी जाळलं असं मानतात, मग ते पुन्हा बांधलं. पुरुषांची वनडे इथं एकच झाली, ती हीच. गावसकर शून्य, श्रीकांत शून्य, संदीप पाटील एक, आणि किस्सा असा सांगतात की विकेटी पडत होत्या तेव्हा कपिल आंघोळ करत होता, स्पा टाउनमधली सगळ्यात घाईची आंघोळ असणार ती. शेवटी किरमाणीबरोबर नवव्या विकेटला न तुटलेली 126 ची भागी, 266 धावा, 31 धावांनी जिंकलो, आणि टीव्हीचे कॅमेरेच नव्हते, त्यामुळे कुणाकडे चित्रण नाही. बाबांनीही ते पेपरातच वाचलेलं.

मी बाउंड्रीपाशी उभी राहून एक फोटो काढला, पॅव्हेलियन दिसेल असा, आणि पाठवला. ह्या वेळी रिप्लाय यायला बराच वेळ लागला. मग आला, "बरं. बाथरूम कुठल्या बाजूला आहे ते विचार."