कोयनेचं पाणी, कोलाडचा खळाळ

सातारा-सांगलीतून खळाळत्या पाण्यातली कयाक, म्हणजे दोन पात्यांच्या वल्ह्याने हाकायची अरुंद होडी, शिकायला निघालेला माणूस बहुधा रायगड जिल्ह्यात कोलाडला पोचतो. तिथला कुंडलिका नदीचा टप्पा जेमतेम बारा किलोमीटरचा. खळाळाच्या अवघडपणाची श्रेणी सहापैकी दुसरी-तिसरी, म्हणजे नवशिक्याला धडकी भरवणारी आणि सरावलेल्याला हात मोकळे करू देणारी. कृष्णा, कोयना, वारणा, वेण्णा, उरमोडी अशा नद्या दारात असताना घाट उतरून दुसऱ्याच्या नदीवर का जायचं, हा प्रश्न दरवर्षी निघतो. त्याचं उत्तर धरणांच्या इतिहासात आहे.

कोलाडला सकाळी लवकर पोचून पात्र बघावं. काळे धोंडे उघडे, मधून गुडघाभर पाणी, कडेला म्हैस बसलेली. मग वरच्या अंगाचा आवाज बदलतो. धोंड्यांच्या बुडाशी असलेला ओला पट्टा रुंद होत जातो, मधला खडक टोपीएवढा उरतो, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे लाट उभी राहते. समुद्राची लाट चालून येते. ही जागची हलत नाही, पाणी तिच्यातून निघून जातं. दुपारपर्यंत सगळं ओसरतं आणि तीच म्हैस तिथेच परत बसते.

हे पाणी पावसाचं नव्हे, वीजनिर्मितीचं आहे. मुळशीच्या तलावातून ते सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजगृहात पडतं, वीज करून सुटतं, खाली रवाळजेला पुन्हा वीज करतं आणि मग कुंडलिकेत येतं. मुळशीचं धरण होऊ नये म्हणून 1921 पासून मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालंच, आणि 1927 साली भिऱ्याची वीज सुरू झाली. आता मुळेचं, म्हणजे मुळशीला अडवलेल्या नदीचं, पाणी मूळचं कुठे जाणारं होतं ते बघा: मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून कृष्णेत. म्हणजे सातारा-सांगलीकर कोलाडला जाऊन ज्या पाण्यावर वल्हं मारतो, ते कृष्णा खोऱ्याचंच आहे. मला ही गोष्ट फार उशिरा कळली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

कयाक मुळात उत्तर ध्रुवाकडच्या सील मारणाऱ्या शिकाऱ्यांची. आपल्याकडे नदी ओलांडायला भोपळ्यांची सांगड होती, पुरात गुऱ्हाळाची काहील होती, आणि सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती होत आल्या आहेत. पण ही सगळी साधनं संथ पाण्याची, किंवा नाइलाजाची. खडकातून मुद्दाम होडी घालायचा खेळ 1970 च्या दशकात प्लॅस्टिकच्या कयाकी आल्यावर जगभर पसरला, कारण फायबरची होडी धोंड्यावर आपटली की फुटायची. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये स्लालम, म्हणजे खळाळात टांगलेल्या दांड्यांमधून होडी काढायची शर्यत, खेळवला गेला तो ऑग्सबुर्गच्या बांधीव कालव्यात. तिथेही पाणी सोडणारा वेगळाच होता.

आता कोयनेकडे. महाबळेश्वरला उगम पावून ती दक्षिणेला वाहते, हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळते आणि पाटणवरून कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर भिडते. वळणाच्या जरा वर धरण आहे: 103 मीटर उंच, साठा 105 टीएमसीच्या, म्हणजे अब्ज घनफुटांच्या, घरात. 1962 मध्ये पहिली वीज निघाली ती घाटाखाली पोफळीला. त्यासाठी पूर्वेला जाणारं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं. ते वीज करून वाशिष्ठीत जातं, चिपळूणवरून खाडीला मिळतं. राज्याला त्या काळात वीज हवी होती आणि कड्याइतका उतार पूर्वेला कुठेच नव्हता, हे खरं आहे. पण ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांना ना वीज आधी मिळाली ना पाणी, हेही तितकंच खरं आहे आणि ते कमी वेळा लिहिलं जातं.

पुढे पाणी तंट्याच्या लवादाने 1970 च्या दशकात कोयनेतून पश्चिमेला वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंत पाणी नेण्याची मर्यादा घातली. हा आकडा पाटण खोऱ्यात अजून वादाचा आहे. वीजवाले म्हणतात, एवढं आमच्या हक्काचं. पूर्वेचा शेतकरी म्हणतो, समुद्रात जाणारं पाणी टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पंपांना द्या. दोघांचं भांडण उन्हाळ्यात पेटतं. 2023 च्या शेवटी पाऊस कमी झाला, तेव्हा सांगलीला पाणी सोडण्यावरून दोन शेजारी जिल्हे उघडउघड भांडले. माझं मत लपवत नाही: नदीचं पात्र जिवंत राहील एवढं पाणी पूर्वेला जायलाच हवं, मग त्यात होडी जावो न जावो.

पूर्वेला जाणारं पाणी धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून सुटतं. दोन जनित्रं, एकावर 1050 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, दोन्ही चालली की 2100. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये आजूबाजूचे ओढे कोरडे पडलेले असताना कोयना हेळवाकच्या खाली वाहत असते. कोलाडसारखंच ठरवून सोडलेलं पाणी, काळ्या बेसॉल्टच्या पात्रात. फरक एवढाच, की इथे वेळापत्रक वीज आणि सिंचनाचं, आणि ते आधी गावाला कळेल याची खात्री नाही.

इथे ‘विसर्ग’ या शब्दाचा गुंता येतो. सरकारी कागदात विसर्ग म्हणजे क्युसेकचा आकडा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. 11,574 क्युसेक चोवीस तास सोडले की एक टीएमसी होतो. सांगलीत मात्र ‘कोयनेतून किती सोडलंय?’ असं विचारणारा आकडा विचारत नसतो. घरातलं धान्य माळ्यावर टाकायचं का, एवढंच त्याला हवं असतं. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2019 साली पातळी 57 फुटांवर गेली. त्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी होडी उलटली आणि गावाने माणसं गमावली. ज्या खोऱ्यात विसर्ग या शब्दाने अजून छातीत धस्स होतं, तिथे ‘आज चांगला विसर्ग आहे, पाण्यात जाऊ’ असं बोलताना आवाज खाली ठेवावा.

‘श्रेणी’ हा शब्दही असाच फसवा. पहिलीपासून सहावीपर्यंतच्या श्रेण्या खळाळाच्या असतात, माणसाच्या नव्हेत, आणि विसर्ग बदलला की त्याही बदलतात. 1050 क्युसेकला दिसणारा दगड 2100 ला बुडतो आणि त्याच्या मागे पाणी उलटं फिरून होडी धरून ठेवतं. पांढऱ्या फेसात हवा जास्त, म्हणून तिथे लाइफ जॅकेटसुद्धा माणसाला कमी उचलतं. जुनी माणसं ‘नदीला उतार आहे’ म्हणतात तेव्हा ती पायी पार होते असं सांगत असतात. कयाकवाल्याला उतार म्हणजे वेगाने खाली जाणारं पाणी. एकाच काठावर एकाच शब्दाने दोन माणसं उलट अर्थ काढतात, आणि अपघाताला तेवढं पुरतं.

अलीकडे लक्ष धरणाच्या वरच्या बाजूला गेलं आहे. तापोळ्याला होडीविहार पूर्वीपासून आहे. धरणाच्या सुरक्षेसाठी जलाशयाच्या मोठ्या पट्ट्यात होड्यांवर असलेले निर्बंध शिथिल झाले, आणि 2024 मध्ये जावळी तालुक्यात मुनावळ्याला सरकारी जलपर्यटन केंद्र सुरू झालं. तिथे कयाक आहे, पण पाणी संथ. वल्हं कसं धरायचं आणि उलटल्यावर बाहेर कसं यायचं हे तिथे उत्तम शिकता येईल. खळाळ वाचायला नाही.

म्हणून कोलाडच्या वाऱ्या चालू आहेत. दुपारी तिथलं पाणी ओसरतं, कयाकी जीपच्या टपावर दोरीने बांधल्या जातात, गाडी चिपळूणवरून पोफळी ओलांडून कुंभार्ली चढते. हेळवाकला आलं की सगळे खिडकीबाहेर डोकावतात. खाली एका जनित्राचं पाणी धोंड्यांतून वाहत असतं, आणि टपावरच्या कयाकीतून कुंडलिकेचं उरलेलं पाणी काचेवर ओघळत असतं.