अविरत अंडमोचन गृहीतक

अविरत अंडमोचन गृहीतक : गर्भारपण व स्तनपान यांचा खंड न पडता अंडाशयातून (बीजांडकोशातून) महिन्यामागून महिने बीज सुटत राहणे (अंडमोचन) हे अंडाशयाच्या कर्करोगाचे एक कारण असावे, असे मानणारे गृहीतक. ईजिप्तमधील अस्यूत विद्यापीठाचे स्त्रीरोगतज्ज्ञ महमूद फतल्ला (जन्म १९३५) यांनी ते १९७१ मध्ये द लॅन्सेट या ब्रिटिश नियतकालिकातील एका छोटेखानी टिपणात मांडले. टिपणाच्या शीर्षकाअखेर प्रश्नचिन्ह होते. पुढे हवाला देताना ते अनेकदा गळून पडले. फतल्ला नंतर प्रजनन आरोग्य व सुरक्षित मातृत्व या क्षेत्रांकडे वळले. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे ते अध्यक्ष होते (१९९१–९४). २००९ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला.

बीज सुटण्याच्या वेळी बीज धारण करणारी, द्रवाने भरलेली सुमारे दोन सेंमी. व्यासाची पुटिका अंडाशयाच्या पृष्ठभागावर फुगून येते, तिच्यावरील पेशींचा एकेरी थर विरतो, पुटिका फुटते आणि पुढील काही दिवसांत ती जखम भरून येते. भरून येताना पेशींचे विभाजन वाढते आणि जितकी विभाजने अधिक तितकी डीएनएत चूक होण्याची शक्यता अधिक, असा या गृहीतकाचा गाभा. फतल्ला यांचा रोख प्राण्यांशी तुलनेवर होता. बहुतेक सस्तन माद्यांमध्ये विणीचा हंगाम व गर्भारपण यांमुळे अंडमोचन आपोआप मर्यादित राहते. वर्षभर अंडी घालणाऱ्या पाळीव कोंबडीत मात्र अंडाशयाचे अर्बुद (पेशींची अनियंत्रित गाठ) आपसूक उद्भवते.

लॉस अँजेलिसच्या कॅसाग्रँड व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये एकूण अंडमोचनाच्या वर्षांचा हिशेब मांडून गृहीतकाला मोजमापाची जोड दिली. सर्वांत भक्कम पाठबळ गर्भनिरोधक गोळ्यांच्या अभ्यासांतून मिळते. २००८ मध्ये २१ देशांतील ४५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात २३,२५७ रुग्ण होते. गोळ्यांच्या दर पाच वर्षांमागे धोका सुमारे एक-पंचमांशाने घटतो आणि पंधरा वर्षांत निम्म्यावर येतो, असे आढळले.

अडचण आहे ती नेमक्या याच हिशेबात. गोळ्यांच्या पाच वर्षांत साधारण ६५ अंडमोचने टळतात, तर एका पूर्ण दिवसांच्या गर्भारपणात नऊ-दहाच. तरीही गर्भारपणाने मिळणारे संरक्षण त्या प्रमाणात बसणार नाही इतके मोठे असते. गर्भनलिका बांधण्याच्या शस्त्रक्रियेने अंडमोचन मुळीच थांबत नाही, पण धोका सुमारे एक-तृतीयांशाने कमी दिसतो. त्यामुळे पर्यायी मते पुढे आली. क्रेमर व वेल्च यांनी १९८३ मध्ये पोष ग्रंथीच्या, अंडाशयाला चालना देणाऱ्या गोनॅडोट्रॉपिन हॉर्मोनांवर भर दिला. रिश यांनी १९९८ मध्ये अँड्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या लैंगिक हॉर्मोनांच्या परिणामावर, तर नेस व कॉट्रो यांनी १९९९ मध्ये दाहावर. ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. अंडमोचन हा स्वतःच एक लहानसा दाह आहे.

वंध्यत्वावरील उपचारांत औषधांनी अंडमोचन घडवले जाते, म्हणून त्यांनी धोका वाढावा असा तर्क होता आणि १९९०–९४ च्या सुमारास अमेरिकी अभ्यासांनी तशी शंका उपस्थितही केली. ५४,३६२ स्त्रियांच्या डॅनिश अभ्यासात (२००९) या औषधांशी ठोस संबंध आढळला नाही. वंध्यत्वाचा स्वतःचा परिणाम औषधांच्या परिणामापासून वेगळा काढणे अवघड जाते.

रोगाच्या उगमस्थानाचा वाद अधिक मूलगामी आहे. अंडाशयाच्या पृष्ठभागावर कर्करोगपूर्व बदल शोधूनही क्वचितच सापडत, ही जुनी खंत होती. लुई ड्युबो यांनी १९९९ मध्ये कर्करोग अंडाशयाच्या पृष्ठथरातून उगम पावतो या मताला उघड आव्हान दिले. २००१ मध्ये पीक व सहकारी या डच संशोधकांना, आनुवंशिक धोक्यामुळे प्रतिबंधक म्हणून काढलेल्या गर्भनलिकांमध्येच असे बदल दिसले. पुढे बॉस्टनमधील क्रिस्टोफर क्रम यांच्या गटाने नलिकेच्या अंडाशयालगतच्या टोकाशी असलेल्या झालरीचे बारीक काप घेऊन तपासण्याची पद्धत रूढ केली. तोवर नलिका वरवरच पाहिली जात असे, यातच बरेच काही आले. या कर्करोगाच्या उच्च श्रेणीच्या सीरस या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराबाबत नलिकेतील उगमाचे मत आता अधिक ग्राह्य वाटते. एंडोमेट्रिऑइड व स्वच्छपेशी प्रकारांचा संबंध एंडोमेट्रिऑसिसशी (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याशी) जोडला जातो. नलिका बांधल्याने मिळणारे संरक्षणही या दोन प्रकारांतच जास्त आढळते. जननपेशींपासून होणारी अर्बुदे या चर्चेबाहेरची आहेत.

यामुळे गृहीतक बाद होत नाही. पुटिका फुटताना तिच्यातील द्रव जवळच टेकलेल्या झालरीवर सांडतो आणि त्यातील ऑक्सिडीकारक द्रव्ये तेथील पेशींच्या डीएनएला इजा करू शकतात. म्हणजे जखम अंडाशयाला आणि झळ नलिकेला. फतल्ला यांनीही २०१३ मध्ये गृहीतकाचा पुन्हा आढावा घेतला.

कोंबडीच्या पुराव्याचा अर्थही आता बदलतो आहे. तिच्या ‘अंडाशयाच्या’ अर्बुदांत ओव्हाल्ब्युमिन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकातील मुख्य प्रथिन, सापडते. निरोगी कोंबडीत हे प्रथिन अंडनलिका तयार करते; म्हणजे त्या अर्बुदांचा उगमही नलिकेत असू शकतो.