पोट गरम झालं का?

गोळी कोंबडीच्या अंड्यातल्या बलकाएवढी. उकळत्या पाण्यात ती कुस्करायची आणि गरम असतानाच प्यायची. दिवसा तीन-चार वेळा, रात्री दोनदा. यापुढची सूचना मला फार आवडते: पोटात अजून ऊब आली नसेल, तर एकीच्या जागी तीन-चार गोळ्या घ्या. पुरेसं औषध पोटात गेलं की नाही, हे ठरवायचं रोग्याच्या पोटानेच.

ही कृती साधारण अठराशे वर्षांपूर्वीची, चीनमधल्या झांग झोंगजिंग या वैद्याच्या ‘शांग हान लुन’ या ग्रंथातली. ग्रंथाचा विषय थंडीने जडणारी दुखणी. प्रस्तावनेत कारणही दिलं आहे. कुळात दोनशेहून जास्त माणसं होती, दहा वर्षांच्या आत त्यातली दोन-तृतीयांश गेली, आणि गेलेल्या दर दहांपैकी सात या थंडीच्या तापाने. गोळीचं नाव ली-झोंग, म्हणजे ‘मधला भाग ताळ्यावर आणणारी’. मधला भाग म्हणजे पोट आणि पचन. घटक चार, चारही समभाग: जिनसेंग, बाई-झू नावाचं एक मूळ, ज्येष्ठमध आणि सुंठ. सगळं कुटायचं, चाळायचं, मधात वळायचं. यात पोट तापवायचं काम सुंठीकडे.

उष्ण आणि थंड हा हिशेब मराठी घरात कुणाला शिकवावा लागत नाही. आंबा उष्ण पडतो, काकडी थंड, आणि दोन्हींचा थर्मामीटरशी काही संबंध नाही. चिनी वैद्यकातही औषधांची प्रकृती अशीच लावतात: थंड, गार, ऊबदार, गरम, आणि यांपैकी कशातच न बसणारी सम. आजच्या चिनी औषधकोशात ताजं आलं ‘किंचित ऊबदार’ आहे आणि सुंठ थेट ‘गरम’. एकाच कंदाला दोन वेगळ्या जागा. चिनी भाषेत नावंही वेगळी, ताजं ते शेंग-ज्यांग आणि सुकं ते गान-ज्यांग, आणि वैद्य एकाच्या जागी दुसरं सहसा चालवून घेत नाहीत. ताजं आलं बाहेरची थंडी घालवतं, म्हणजे घाम आणतं. सुंठ आतली थंडी घालवते.

आता ‘आतली थंडी’ म्हणजे काय? तर लक्षणांचं एक गाठोडं. हातपाय गार, पाण्यासारखे जुलाब, पोट शेकलं की बरं वाटणं, जिभेवर पांढरा थर. झांगने तर उलट्या-जुलाबाच्या रोग्याची एका प्रश्नात वाटणी केली आहे. रोगी पाणी मागतोय? मग उष्णता जास्त, औषध वेगळं. पाणी नको म्हणतोय? मग थंडी जास्त, ली-झोंग द्या. वाचताना आजच्या वाचकाच्या पोटात गोळा येतो, कारण तहान नसली तरी अशा माणसाला पाणी आणि मीठ पाजावंच लागतं. पण थांबा, कृती अजून संपलेली नाही. औषधानंतर जेवणाएवढा वेळ जाऊ द्यायचा, मग एक ‘शंग’ गरम पेज प्यायची, पांघरुणात ऊब धरून पडायचं आणि कपडे काढायचे नाहीत. त्या काळचा शंग म्हणजे साधारण 200 मिलिलीटर. तांदळाच्या पिठाची जलसंजीवनी पटकीच्या जुलाबात उपयोगी पडते हे विसाव्या शतकातल्या चाचण्यांनी दाखवलं आहे. त्यामुळे ली-झोंगने बरे झालेल्यांचं थोडं श्रेय, मला वाटतं, सुंठीच्या खात्यातून काढून पेजेच्या खात्यात टाकायला हवं.

पण एकच कंद ओला असताना किंचित ऊबदार आणि सुकल्यावर गरम कसा? सुकवताना आल्यातलं पाणी दोनदा जातं. पहिलं पाणी सगळ्यांना दिसतं. ताज्या आल्यात वजनाच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, ते उडालं की कंद आक्रसतो, सुरकुततो, कडक होतो. दुसरं पाणी दिसत नाही, कारण ते रेणूच्या पोटात असतं. ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉल या रेणूचा. त्याचं रेणूभारमान 294. ऊब मिळाली की त्यातून पाण्याचा एक रेणू, म्हणजे 18, निसटतो आणि उरतो 276 चा शोगाओल. नावातला ‘शोगा’ म्हणजे जपानी भाषेतलं आलं. हिरोशी नोमुरा या जपानी रसायनज्ञाने 1917 च्या सुमारास आल्यातली तिखट द्रव्यं वेगळी काढली, तेव्हापासून हे नाव चिकटलं. तिखटपणाच्या स्कोव्हिल मोजपट्टीवर जिंजेरॉल साठ हजारांच्या घरात, तर शोगाओल दीड लाखाच्या पुढे. अर्थात सुंठीत सगळ्याच जिंजेरॉलचं शोगाओल झालेलं नसतं. नुसत्या उन्हात सुकवलं तर बदल थोडा, भट्टीच्या उष्णतेत जास्त.

घरी करून बघा. ताज्या आल्याची चकती दाताखाली धरली की आधी लिंबासारखा वास येतो, मग जिभेचं टोक चुरचुरतं आणि लगेच विझतं. सुंठीची चिमूट आधी मातकट लागते. काहीच होत नाही असं वाटतं, आणि मग घशाच्या मागे एक निखारा पेटतो, तो रेंगाळतो आणि हळूहळू छातीपर्यंत उतरतो. बाहेरची थंडी आणि आतली थंडी हे शब्द कुठून आले असतील, याचा अंदाज या दोन घासांत येतो.

जुन्या चिनी कृतीत मात्र सुंठ करणं म्हणजे नुसतं वाळवणं नव्हतं. पाचव्या-सहाव्या शतकातल्या ताओ होंगजिंगने लिहून ठेवलं आहे: आलं तीन दिवस पाण्यात बुडवा, साल काढा, सहा दिवस वाहत्या पाण्यात ठेवा, पुन्हा खरवडा, उन्हात वाळवा आणि मग मडक्यात मुरत ठेवा. एवढ्या धुण्याने त्यातलं काय काय वाहून जात असेल कोण जाणे. आज सिच्वान प्रांतातल्या चियेनवेईची सुंठ नावाजलेली आहे, आणि तिथे कंद हिवाळ्यात, चांगला जून झाल्यावर खणतात. या सुंठीचं तिसरं रूपही आहे, पाओ-ज्यांग. कढईत वाळू कडक तापवायची आणि सुंठीचे तुकडे त्यात फुगून तपकिरी होईपर्यंत परतायचे, आपल्याकडे भट्टीवर चणे-फुटाणे फुगवतात तसे. औषधकोशाप्रमाणे सुंठीत 6-जिंजेरॉल किमान 0.6 टक्के हवं, या भाजलेल्या सुंठीत 0.3 टक्के पुरतं. म्हणजे तिखटपणा उतरतो. ही पोट तापवायला आणि रक्तस्राव थांबवायला वापरतात, बाळंतिणीच्या एका प्रसिद्ध काढ्यातही ती असते. बाळंतीण आणि सुंठ ही जोडी आपल्याकडचीही, त्यामुळे इथे मला हसू आलं.

आता निखाऱ्याकडे. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही1 नावाचं एक प्रथिन असतं. तापमान 43 अंशांच्या वर गेलं की त्याचं दार उघडतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये ते शोधलं ते मिरचीच्या मागावर जाऊन. या कामासाठी त्यांना 2021 चं नोबेल अर्डेम पटापूटियन यांच्यासोबत मिळालं. मिरचीतलं कॅप्सेसिन हे दार उष्णतेशिवायच उघडतं. जिंजेरॉल आणि शोगाओलही तेच करतात. हे दार फक्त जिभेवर नाही, अन्ननलिकेत, जठरात, आतड्यातही आहे. म्हणजे ‘पोटात ऊब आली का’ हा झांगचा प्रश्न बिनबुडाचा नव्हता. पोटाला ऊब खरोखर जाणवते, फक्त पोट तापलेलं नसतं. उलट अंग तापलंय असं समजून शरीर कातडीकडचं रक्त वाढवतं, घाम काढतं आणि थंड व्हायला बघतं.

खरी उष्णता अगदीच निर्माण होत नाही का? 2012 मध्ये अमेरिकेत दहा स्थूल पुरुषांवर एक छोटी चाचणी झाली. न्याहारीसोबत गरम पाण्यात दोन ग्रॅम सुंठ दिली, तर अन्न पचवताना होणारा ऊर्जेचा खर्च सुमारे 43 कॅलरींनी वाढला. म्हणजे चमचाभर तेलाएवढा. यावर वजन उतरवायच्या बाता मारणाऱ्यांनी तेवढं तेल फोडणीतून कमी करावं. पचनाबद्दलचा पुरावा जरा बरा आहे. तैवानमध्ये 24 निरोगी माणसांना 1.2 ग्रॅम सुंठपूड देऊन वर सूप पाजलं, तेव्हा जठर अर्धं रिकामं व्हायला सरासरी 13 मिनिटं लागली. सुंठीशिवाय जवळपास 27. पुढे हाच प्रयोग अपचनाच्या रोग्यांवर केला, तर जठर लवकर रिकामं झालं पण रोग्यांच्या तक्रारी होत्या तशाच राहिल्या. गतीची सुंठ आणि गुणाची सुंठ एकच असेल असं नाही.

चिनी ग्रंथांत सुंठीची सगळ्यात नाट्यमय कामगिरी मात्र एकटीची नाही. हातपाय गार पडलेल्या, नाडी बुडालेल्या रोग्यासाठीच्या सी-नी काढ्यात ती ज्येष्ठमधासोबत फू-झीच्या जोडीला येते. ‘सुंठीवाचून फू-झी तापत नाही’ अशी तिकडे म्हणच आहे. फू-झी म्हणजे आपल्या बचनागाच्या जातकुळीतली चिनी वनस्पती, आणि तिच्यातलं ॲकोनिटिन हृदयाचा ठोका बिघडवून माणूस मारू शकतं. दीर्घकाळ उकळल्यावर विष उतरतं, कमी उकळलं तर उतरत नाही, आणि असे अपघात आजही होतात. हा काढा वाचायचा, करायचा नाही. नुसत्या सुंठीबाबत इतकं घाबरायचं कारण नाही, पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर चमचे मोजण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

राहिला खोकला. सुंठ खोकल्यावर देतात हे आपल्याला म्हणीमुळे पाठ आहे. चिनी वैद्यही देतात, पण आधी कफ कसा आहे ते विचारतात. पांढरा, पातळ, फेसाळ असेल तर फुप्फुसात थंडी आहे, सुंठ द्या. पिवळा आणि चिकट असेल तर आत आधीच आग आहे, सुंठीला हात लावायचा नाही. असा कफ घेऊन तिथल्या वैद्याकडे गेलात, तर खोकला सुंठीवाचूनच जायला हवा.