कमी दिवसांचं बाळ : टाक्यापासून आठवड्यांच्या हिशेबापर्यंत

सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही, हा समज पेठ-सुरगाण्यात आणि नाशिक शहरातही अजून ऐकू येतो. तो साफ चुकीचा आहे. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाची फुप्फुसं पक्की करतो. ३७ आठवडे भरण्याआधीची प्रसूती ती मुदतपूर्व. २०२० मध्ये जगभरात अशी अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यातली सुमारे ३० लाख भारतात.

प्रतिबंधाचा एक मोठा उपाय मुंबईतून आला. गर्भपिशवीचं तोंड वेळेआधी उघडणाऱ्या बायकांसाठी डॉ. वि. ना. शिरोडकरांनी १९५५ मध्ये टाक्याची पद्धत मांडली. तो टाका आजही जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण तो सरसकट सगळ्यांसाठी नाही.

न्यूझीलंडमध्ये डॉ. लिगिन्स यांना मेंढ्यांवरच्या प्रयोगांत स्टेरॉइडमुळे कोकरांची फुप्फुसं लवकर तयार होताना दिसली. १९७२ मध्ये त्यांनी आणि हाउवी यांनी गरोदर बायकांवरचे निष्कर्ष छापले. आपल्याकडे डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं दर १२ तासांनी देतात. पहिल्या इंजेक्शननंतर २४ तास ते सात दिवस, या काळात प्रसूती झाली तर फायदा सर्वाधिक.

मग प्रश्न आला की कळा लवकर कुणाला येणार हे आधी ओळखायचं कसं. १९९६ च्या अमेरिकी अभ्यासाने पिशवीच्या तोंडाची लांबी आणि धोका यांचा संबंध दाखवला. १८ ते २४ आठवड्यांत ती २५ मिलिमीटर किंवा कमी असेल तर सावध व्हायचं आणि एकच बाळ असेल तर योनीमार्गे प्रोजेस्टेरॉनचा (गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचा) विचार करायचा. ही सोनोग्राफी योनीमार्गे, आतून करतात. लघवी साठलेली असली किंवा प्रोब जोरात दाबला, तर तोंड खोटंच लांब दिसतं. म्हणून मूत्राशय रिकामं करून तीनदा मोजायचं आणि सर्वात कमी आकडा धरायचा. आठवड्याला घ्यायचं प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन मात्र पुढच्या चाचणीत टिकलं नाही. २०२३ मध्ये अमेरिकेने त्याची मान्यता काढली.

सर्वात मोठा धडा २०१५ चा. नागपूर आणि बेळगावसह सहा देशांतल्या चाचणीत गावपातळीवर स्टेरॉइड वाढवलं, तरी अगदी कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, उलट एकूण नवजात मृत्यू थोडे वाढले. इंजेक्शन मिळालेल्या अनेक बायकांचे दिवस मुळात भरत आले होते. २०२० च्या चाचणीत, भारतासह पाच देशांत, सोनोग्राफीने आठवडे ठरवून रुग्णालयात तेच औषध दिलं, तेव्हा नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले.

नाशिक जिल्ह्यात हाच हिशेब चुकतो. छाटणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याच्या बायका दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर येतात. गरोदरपणाच्या नोंदींचं कार्ड गावी राहतं आणि पाळीची तारीख सणावरून आठवून सांगावी लागते. १४ आठवड्यांच्या आतल्या सोनोग्राफीत चूक पाच-सात दिवसांची, शेवटच्या तिमाहीत ती तीन आठवड्यांवर जाते. त्यामुळे आशाताईंनी पहिल्या सोनोग्राफी रिपोर्टमधली प्रसूतीची तारीख कार्डावर ठळक लिहावी, त्याचा फोटो बाईच्या मोबाइलमध्ये असावा आणि उशिराच्या रिपोर्टवरून ती बदलू नये. बदलली, तर वाढ खुंटलेलं बाळ कागदावर फक्त कमी दिवसांचं दिसतं आणि उपचार चुकतो.