रिले म्हणजे फ्यूज नव्हे

‘रिले टाकलाय ना, मग फ्यूज कशाला?’ नाशकात थार-बोलेरोला जादा दिवे बसवताना हे हमखास ऐकू येतं. साफ चूक. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच; तो फक्त डॅशबोर्डवरच्या स्विचचा भार हलका करतो. जड करंट रिलेच्या ३० आणि ८७ नंबरच्या टर्मिनलमधून जातो. जव्हार रस्त्याच्या खड्ड्यांत वायर गाडीच्या बॉडीला घासून सोलली आणि शॉर्ट झाली, तर रिले काही तोडत नाही. बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, वायर पेटते. ते थांबवतो फ्यूज, आणि तो बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच हवा. दिव्यापाशी लावला तर मधली सगळी वायर संरक्षणाविनाच राहिली. ५५ वॉटचे दोन हॅलोजन १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर घेतात, १५चा फ्यूज पुरतो. उडतोय म्हणून ३०चा ठोकणारे महाभाग वेगळेच!