कंडेन्सेट विरलं की कोसळलं?

आपल्या सोलापुरात काही बिघडलं की पहिला आळ उन्हावर येतो. एम.एस्सी.च्या वर्गात बोस-आइनस्टाइन कंडेन्सेट (अतिथंड अणू एकाच क्वांटम अवस्थेत गोळा होऊन बनलेला ढग) शिकवतानाही तेच होतं. ट्रॅपमधल्या, म्हणजे अणू कोंडून ठेवणाऱ्या सापळ्यातल्या, ढगातले अणू कमी झाले म्हटलं की पोरं लगेच म्हणतात, "सर, तापलं असेल." कधी ते खरंही असतं. पण कंडेन्सेट विरणं वेगळं आणि कोसळणं वेगळं, दोन्हींची कारणं पार निराळी.

विरणं सोपं आहे. 1995 साली कॉर्नेल आणि वायमन यांनी बोल्डरमध्ये पहिलं कंडेन्सेट बनवलं ते रुबिडियम-87 चं, तापमान सुमारे 170 नॅनोकेल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर. हे अणू एकमेकांना किंचित दूर ढकलतात, त्यामुळे भर घातली तर ढग नुसता फुगतो. त्याला भीती उष्णतेची. ट्रॅप बंद करून ढग पसरू द्यायचा आणि लेझरच्या उजेडात त्याची सावली कॅमेऱ्यात टिपायची. मधला टोकदार उंचवटा म्हणजे कंडेन्सेट, भोवतीचा पसरट फुगवटा म्हणजे उष्ण अणू. विरताना टोक बुटकं होत जातं आणि फुगवटा त्याला गिळतो.

कोसळायला उष्णता लागतच नाही. लिथियम-7 चे अणू एकमेकांना ओढतात. मोकळ्या जागेत असं कंडेन्सेट टिकलंच नसतं. ट्रॅपमध्ये ते तगतं, कारण अणूंना लहान जागेत कोंडलं की अनिश्चिततेच्या तत्त्वामुळे त्यांची गतिज ऊर्जा वाढते आणि ती ओढीला तोंड देते. मात्र अणू वाढले की ओढ जिंकते. गोल ट्रॅपसाठी मर्यादा अशी: 0.575 गुणिले ट्रॅपची क्वांटम रुंदी (एकटा अणू सर्वांत कमी ऊर्जेत जेवढा पसरतो तेवढी), भागिले स्कॅटरिंग लेंथ (अणूंमधली ओढ किंवा ढकलणं किती जोराचं ते सांगणारी लांबी; ओढ असेल तर ती ऋण असते, ते चिन्ह सोडून). रुंदी 3 मायक्रोमीटर, लेंथ 1.45 नॅनोमीटर धरा. उत्तर येतं सुमारे 1200 अणू. ह्युलेट यांच्या गटाने राइस विद्यापीठात 1997 साली मोजले तेव्हा कंडेन्सेटमध्ये 650 ते 1300 अणू सापडले. हा हिशेब मुलांनी एकदा तरी स्वतः मांडावा, असं मला मनापासून वाटतं.

खरी गंमत उपायांत आहे. कंडेन्सेट विरू नये म्हणून अणू वाढवा, ट्रॅप आवळा. दोन्हींनी क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याखाली कंडेन्सेट बनतं ते तापमान, वर जातं. ओढीच्या अणूंवर हेच उपाय केले तर कंडेन्सेट कोसळेल! तिथे अणू कमी हवेत आणि ट्रॅप सैल. आणखी थंड करूनही ते वाचत नाही, कारण घनता मुळात वाढलेली ओढीमुळे.

कोसळण्याची खूणही वेगळी. 2001 मध्ये बोल्डरच्याच गटाने रुबिडियम-85 घेतलं. चुंबकीय क्षेत्र बदलून त्याच्या अणूंमधलं ढकलणं हवं तेव्हा ओढीत बदलता येतं. त्यांनी ते झटक्यात बदललं. काही मिलिसेकंद ढगात फारसं काही दिसलं नाही, मग एकदम अणूंचा स्फोट बाहेर पडला आणि मागे थंड गाभा उरला. याला 'बोसेनोव्हा' म्हणतात. कितीतरी अणू ना स्फोटात दिसले, ना गाभ्यात.

तो गाभा बऱ्याचदा वर सांगितलेल्या अणूंच्या मर्यादेपेक्षा मोठा निघायचा, हे कोडंच होतं. 2006 मध्ये दिसलं की तो एकसंध नसतो: त्यात अनेक छोटे सोलिटॉन (आकार न मोडता टिकणारे लहरींचे पुंजके) असतात, शेजाऱ्यांना दूर सारत ट्रॅपमध्ये झुलणारे, आणि प्रत्येकातले अणू मर्यादेच्या आतच.