कॅलिब्रेशनचा दाखला कागदावरच हवा?

सांगलीत, कुपवाड एमआयडीसीत आजही ठामपणे सांगतात, ‘शिक्का आणि शाईची सही नसेल तर ऑडिटर कॅलिब्रेशनचा (मोजमापाचं उपकरण बरोबर मोजतं का, हे तपासल्याचा) दाखला मानत नाही.’ हे खरं नाही. आयएसओ/आयईसी १७०२५ या चाचणी आणि कॅलिब्रेशन प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत इलेक्ट्रॉनिक अहवाल चालतो असं स्पष्ट लिहिलंय. डिजिटल सहीला २००० च्या आयटी कायद्याची मान्यता आहे.

मानक कागद मागत नाही, बदलांचा माग मागतं. नोंद बदलली तर जुना आकडा, नवा आकडा, तारीख, बदलणारा माणूस, सगळं दिसलं पाहिजे. बारीक मापं घेणाऱ्या ०–२५ मिमी मायक्रोमीटरचं रीडिंग रजिस्टरात व्हाइटनर लावून सुधारलेलं मी पाहिलंय. खालचा आकडा कायमचा गेला. साध्या एक्सेलमध्ये तर डागही उरत नाही. म्हणून नोंदींसाठी सॉफ्टवेअर घेताना आधी विचारा: जुनी नोंद दिसते का?